गुलाबरावांचं अकरावं पाखरू

गिरेबाज कबुतरांच्या स्पर्धेत पंचांनी गुलाबरावांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मेलेल्या मित्राबद्दल गोडगोड लिहायला बसलोय असं कुणाला वाटायला नको. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्या सकाळी मी मनीषनगरच्या दुकानाचं शटर वर करत होतो आणि त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा, फोन आला. रडणं नाही, काही नाही. "तुझे भाऊ गेले गा. अन् वर पाखरं घुमून राहिले, भुकेले हायेत. दाण्याचा डबा कुठं ठेवते हा माणूस, मले कधी सांगतलंच नाही. तू ये." मी शटर तसंच अर्धवट सोडून महाल भागातल्या त्यांच्या घरी पोचलो. डबा शिलाई मशीनच्या पायट्यामागे होता. मला ठाऊक होतं. माणसं खाली जमली होती आणि मी आधी छतावर जाऊन बाजरी टाकत होतो… कुणाला काय वाटायचं ते वाटो. भाऊंनी तेच आधी केलं असतं.

गुलाबराव, म्हणजे आमचे भाऊ, टेलर होते. शाळेचे गणवेश शिवायचे. मी कुहीकडचा. नागपुरात आलो तेव्हा हातगाडीवर जुनं लोखंड गोळा करायचो, पुढे त्याच लोखंडावर दुकान उभं केलं. घासाघीस हा माझा श्वास आहे. भाव न करता मी भाजीसुद्धा घेत नाही. घर बांधून झाल्यावर मला वाटलं, आपल्याही छतावर गिरेबाज पाहिजेत. ज्याने ही पाखरं पाहिली नाहीत त्याला सांगतो. उंच जाऊन ती हवेतच मागे कोलांट्या घेत खाली येतात, इतक्या वेगाने की पाखरू दिसतच नाही, नुसती फिरकी दिसते. मग एका क्षणी सावरतात आणि पुन्हा वर जातात. थव्यातल्या अकराच्या अकरा पाखरांनी एकाच क्षणी कोलांटी घेतली की तिला 'अख्खी' म्हणतात. पंच एकेकाच्या छतावर येतो, वीस मिनिटांत किती अख्ख्या झाल्या ते मोजतो. बस, एवढाच खेळ आहे. पण ती वीस मिनिटं पाहणारा माणूस श्वास घ्यायचा विसरतो.

भाऊंकडे मी पाखरं घ्यायला गेलो ते सगळी अक्कल खिशात घालून. तासभर भाव केला. चकचकीत पिसांची, वर्ष-दीड वर्षाची अकरा तरणी पाखरं निवडली. पाखरू पिल्लू असताना त्याच्या पायात कडं घालतात, त्यावर त्याचं जन्मवर्ष असतं. मी एकेक कडं वाचून जुनी पाखरं बाजूला सारत होतो. भाऊ म्हणाले, "एखादं म्हातारं बी घे ना गा सोबत." मी म्हणालो, "म्हातारे तुमालेच राहू द्या भाऊ, मी काय वृद्धाश्रम काढून राहिलो?" भाऊ टेपने माप घेताना पाहायचे तसे माझ्याकडे पाहत राहिले. मी घरी आलो ते मैदान मारल्यासारखा.

महिनाभर पाखरं घरात रुळवली आणि एका सकाळी सोडली. बाप्पा रे! चार पूर्वेला, चार पश्चिमेला, दोन समोरच्या इमारतीच्या टाकीवर जाऊन बसली ती उतरेचनात. एकाने अशी कोलांटी धरली की थांबलंच नाही, थेट गच्चीवर आपटलं. माझ्या डोक्यात आग. तसाच महालात गेलो, गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "फसवलं मले तुमी! हे काय पाखरं हायेत का?" भाऊंनी दातातला दोरा तोडला. "ओरडून झालं? आता पाणी पी. पाखरं चांगलेच हायेत. पण घरात सगळेच पोट्टे अन् मोठं माणूस एक बी नाही, तर ते घर कसं चालन?" मी म्हणालो, "मंग तवाच काहून नाही सांगतलं?" तर म्हणतात, "सांगतलं ना. तू भाव करून राहिला होता, तुले ऐकू कुठून येईन?"

जुन्या लोखंडाच्या वजनावर पोट भरलेल्या मला जुन्या पाखराचं वजन कळलं नव्हतं. हे मी लिहितोय खरं, पण त्या दिवशी ते कबूल केलं नाही. उलट म्हणालो, एक म्हातारं द्या, बोला काय घेता. तेव्हा ते पहिल्यांदा रागावले. राखी रंगाची एक मादी त्यांनी काबुकीतून काढली. काबूक म्हणजे पाखरांची लाकडी खणांची घरं. "ही मावशी. ही इकायची नाही. बाळंतपणाले मावशी जाते ना घरोघरी, तशी पाठवून राहिलो. काम झालं का आणून दे."

मावशी चार महिने माझ्याकडे राहिली. ती वर गेली की बाकीची तिच्यामागे जायची. ती वळायची तिथेच सगळी वळायची. कोलांटी ती लहानच घ्यायची, पण आधी तिचे पंख किंचित थबकायचे आणि त्या खुणेवर सगळा थवा कोसळायचा. तरण्यांना कोलांटी येते, थांबणं येत नाही. ते तिच्याकडून शिकायचं. भाऊ दर रविवारी यायचे, खुर्ची टाकून मान वर करून बसायचे. बाकी सगळे कबुतरवाले चार वर्षांवरची पाखरं अंड्यांसाठी ठेवतात, नाहीतर देऊन टाकतात. भाऊ म्हणायचे, "पहिले पाच मिनिटं जिंकाची असन तर तरणे पाखरं. पण ईसाव्या मिनिटापर्यंत थवा एकत्र ठेवाचा असन, तर म्हातारी पाहिजे."

आता गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ. भाऊंना तेव्हा जिना चढताना तीनदा थांबावं लागायचं. त्यांच्या छतावर पंच, भाऊ, काकू आणि मी. मावशी त्यांच्याकडे परतलेली, सात वर्षांची झालेली. पंचांनी सोडण्याआधी प्रत्येक पाखराचं कडं स्वतःच्या हाताने वाचलं, कागदावर लिहिलं, मावशीचंही. हे लक्षात ठेवा. पाखरं वर गेली. पाचव्या मिनिटाला पहिली अख्खी. पंच ओरडले, "अख्खी!" बाराव्याला दुसरी. मी भाऊंचा खांदा दाबत होतो, ते म्हणत होते, "हाड मोडशील गा माझं." आणि सतराव्या मिनिटाला ससाणा आला. टॉवरच्या मागून, बाण सुटल्यासारखा. काकू किंचाळल्या. नुसती तरणी पाखरं असती तर दहा दिशांना उधळली असती. मावशीने थवा असा आवळला की अकरा पाखरांची एकच मूठ झाली. ती मूठ खाली घरांच्या ओळीवर दाबली, ससाणा वरून निघून गेला, आणि ती पुन्हा वर चढली. वर, अजून वर. भाऊ उभे राहिले. पंख थबकले… आणि अकराच्या अकरा! आभाळातून मूठभर तांदूळ उधळावेत तशी! "अख्खी!" पंच स्वतः टाळ्या वाजवत होते. तीन. त्या वर्षी कुणाच्याच तीन झाल्या नव्हत्या. भाऊ काकूंना म्हणाले, "पाहिलं का वं? पाहिलं?" मी त्या माणसाला तितकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याने निकाल वाचला. गुलाबराव दुसरे. तिसरी अख्खी कापली होती. कारण काय, तर सात वर्षांचं पाखरू थव्यात धरत नाहीत, म्हणजे दहाच झाली. पहिल्या दोन अख्ख्यांतही तीच मावशी होती, त्या मात्र धरल्या. असा नियम कुणी ऐकला नव्हता, स्पर्धेच्या कागदावर नव्हता. असता तर कडं वाचतानाच मावशीला बाजूला काढायचं होतं. भाऊंनी उभं राहून विचारलं, "साहेब, हे कवा ठरलं?" पंचांनी पुढचं नाव वाचलं. मी खुर्ची उचलली होती, भाऊंनी माझा शर्ट धरून खाली ओढलं. "बस. तू भांडशील तर लोकं तुझंच भांडण ध्यानात ठेवतीन." मी बसलो. आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं, आणि नको त्या दिवशी. घरी जाताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "हरलो असतो तर चाललं असतं गा. मोजलेलं पाखरू काहून खोडलं?" त्यानंतर ते जिना फारसे चढले नाहीत.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे दोघे दुकानात आले. मोबाइलवर चषकाचा फोटो दाखवला, गुलाबरावांच्या नावाचा. दर वर्षी देणार म्हणे. फक्त, भाऊ गेल्यापासून मी भेटेल त्याला तो निकाल सांगत होतो, ते मागचं उकरणं थांबवायचं. सोबत नव्या नियमांचा कागद होता. त्यात आता छापलं होतं, चार वर्षांवरील पाखरू चालणार नाही. मी विचारलं, "म्हणजे भाऊंच्या नावाची स्पर्धा, अन् तिच्यात भाऊंची मावशी नाही?" एकजण हसून म्हणाला, "थोडं तुम्ही सोडा शेट, थोडं आम्ही सोडतो." ही तर माझीच भाषा. जन्मभर हेच वाक्य म्हणून मी सौदे केले. पण हा सौदा मी केला नाही. दोघांना चहा पाजला आणि कागद परत दिला.

रोज सकाळी दुकानाआधी मी महालात जातो. काकू काबुकीची दारं उघडतात, आधी मावशी बाहेर येते, मग बाकीची. खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर आम्ही कुणी बसत नाही. मी मान वर करून उभा राहतो आणि या वयातही ती थवा वळवते तेव्हा अंगावर काटा येतो.

पंचसाहेब, तुम्ही हे वाचाल, मला माहीत आहे. चषक नको, माफीही नको. तुम्ही एकदा या छतावर या. जिन्याला कठडा नाही, सांभाळून चढा. त्या सकाळी तुम्ही अकरा पाखरं पाहिली होती की दहा, एवढंच सुमनकाकूंच्या तोंडावर सांगा. अकरा म्हणा, नाहीतर दहा म्हणा. पण वर येऊन म्हणा.