शंभर वॅटचा दिवा

नव्वदच्या दशकात मी वेल्ह्याच्या शाळेत मास्तर होतो आणि राहायला शिवऱ्यात. शाळा सुटल्यावर शिकवण्या घ्यायचो, त्यामुळे परत निघताना अंधार पडलेला असायचा. माझ्या मोटारसायकलचा दिवा वेग कमी केला की विझत्या निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. एकदा वळणावर बसलेली म्हैस दिसलीच नाही आणि गुडघा सोलवटून घरी आलो. दुसऱ्या दिवशी भोर गाठलं.

एसटी डेपोजवळ एक वयस्क मुसलमान मिस्त्री गाड्यांचं वायरिंग करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी दिवा उघडून पाहिला. "वायर बारीक हाय गुरुजी, निम्मा करंट वाटंतच मरतो." त्यांनी बॅटरीपासून जाड वायर ओढली, दिव्याला थेट करंट देणारा रिले बसवला आणि मी हट्ट केला म्हणून शंभर वॅटचा हॅलोजन टाकला. मग भिंतीवर खडूने रेघ मारून उजेड तिच्या खाली आणला. "याच्या वर नेऊ नका. समोरचा आंधळा व्हतो," म्हणाले.

दोनच दिवसांत मी स्क्रू ढिला करून दिवा वर उचलला.

कारण मला मजा वाटू लागली होती. आयुष्यात मला कोणी वाट दिली नव्हती. आता बैलगाडीवाले खाली उतरून बैलांच्या डोळ्यांवर हात धरायचे, बाया डोक्यावरच्या भाऱ्यासकट चारीत उतरायच्या. मी डिपर मारून उजेड खाली करत नसे. लोक चेहऱ्यापुढे आडवा हात धरून उभे राहत, तेव्हा गंमत म्हणून मी वेग वाढवायचो.

एक दूधवाला रोज समोरून यायचा. नसरापूरला दूध घालून रिकामे कॅन खडखडवत तो सायकलवरून आपल्या वाडीला परतायचा. दोन मुलींचा बाप, माझ्याच वयाचा; थोरली आमच्याच शाळेत होती. एकदा दिवसाउजेडी चहाच्या टपरीवर भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, डिपर मारत जावा की. समोर आलात की आमाला कायच दिसत न्हाई."

"सायकलला दिवा लाव आधी," मी म्हणालो. टपरीवरचे लोक हसले. तोही कसनुसा हसला.

त्यानंतर तो दिसला की मी मुद्दाम वरचा उजेड टाकायचो.

थंडीतल्या एका संध्याकाळी ओढ्यावरच्या अरुंद मोरीवर तो समोर आला. मी उजेड टाकला. त्याचा हात वर गेला, सायकल वळली आणि कॅन दगडांवर आपटत गेले. मी थांबलो. तो मोरीखाली पडला होता, उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळलेला.

"कोण हाय?" त्यानं विचारलं.

"मी, गुरुजी."

त्यानं मोरीवर उभ्या गाडीच्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक ट्रक हुता, गुरुजी. लई उजेड हुता. तुमी बरं आलात."

मी नसरापूरला जाऊन टेम्पो आणला. त्याला भोरच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. गावोगाव माझं नाव झालं. त्याच्या बायकोनं मला नारळ दिला आणि माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं.

दिवा उतरवायला चाचांकडे गेलो. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. उचललेला दिवा त्यांनी पाहिला, स्क्रूवर बोट फिरवलं, हॅलोजन काढून जुना बल्ब बसवला. मजुरी घेतली नाही.

"भोरात दुसरे मिस्त्री लई हायत," एवढंच म्हणाले.

म्हशी विकून दूधवाल्याची बायको दुसऱ्यांच्या रानात जाऊ लागली. थोरल्या मुलीनं शाळा सोडली. तिचं नाव पटावरून मीच कमी केलं.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. जाण्याआधी त्याच्या वाडीला गेलो. तो अंगणात कुबडीशेजारी बसला होता. मी म्हणालो, "त्या दिवशी ट्रक नव्हता."

"व्हय," तो म्हणाला. "ट्रकाला दोन दिवे असत्यात."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमी टेम्पो आणायला जाणार हुता. खरं बोललो असतो, तर परत आला असता का?"

त्यानं मुलीला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि मी तो पिऊन निघालो.