हातात दे

खोतांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मी उभा होतो. ओंजळीत काजूच्या बिया. समोर बाबल, खोतांचा पुतण्या, माझ्याच वयाचा. मी ओंजळ पुढे केली तसे त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. पोरं हसली.

"थांबा, यावर उपाय आहे," अनंतदादा म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी वाढवलं आणि हुकूम वाचणाऱ्या पोराच्या हातात कागद दिला. त्याने मोठ्याने वाचलं.

"खाली ठेव. मागे सर. आता दुसऱ्याने उचल."

मी बिया खाली ठेवल्या. मागे सरलो. बाबलने उचलल्या. मग त्याने त्याच्या बिया शेणाने सारवलेल्या जमिनीवर टाकल्या, मागे सरला, आणि मी त्या वेचल्या. वाकून.

"चाललं की नाही?" अनंतदादा म्हणाले. खूश होते. गणित सुटल्यावर माणूस होतो तसे.

मी तेव्हा पंधरा-सोळाचा. सातवी पास झालेलो, पुढची शाळा नाही. गाव मालवणच्या खाली, खाडीच्या काठाला. आमच्या वाडीने धर्म बदलला त्याला बरीच वर्षं झाली होती. आम्ही देव सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावाने काही सोडलं नव्हतं. कायदा झाला होता म्हणतात. तो मालवणच्या कचेरीत असेल. खळ्यात म्हातारी खोतीण होती.

अनंतदादा हे खोतांचे धाकटे चिरंजीव. मुंबईत मोठ्या ठिकाणी होते. तिथे खोलीभर यंत्र आलेलं, त्याला कॉम्प्युटर म्हणत. मे महिन्यात ते आंब्यांना गावी आले आणि पोरांना ती विद्या शिकवायची असं त्यांनी मनात घेतलं. यंत्र कुठून आणणार? मग पोरांचंच यंत्र केलं. खळ्यात कोळशाने घरं आखली. एका घरात एक पोर. हातात काजूच्या बिया, म्हणजे त्या घरातला आकडा. एकाने कागदावरचे हुकूम वाचायचे, बाकीच्यांनी तसंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. उजवीकडच्या शेजाऱ्यापेक्षा तुझ्या बिया जास्त असतील तर अदलाबदल कर. असं करत करत कमी बियांचा आकडा डावीकडे गेला पाहिजे, जास्तीचा उजवीकडे. ते हुकूम आधी कागदावर लिहायचे, त्याला प्रोग्रॅम म्हणायचं.

मी बापाबरोबर आंब्याच्या टोपल्या वाहत होतो. एक घर रिकामं होतं म्हणून मला हाक मारली. म्हातारी खोतीण दारातून म्हणाली, "ह्येका खळ्यात घेतलंस ता घेतलंस. पण शिवाशिव माझ्याकडे चालाची नाय." अनंतदादा म्हणाले, "नाही होणार, आई." म्हणून ती तीन वाक्यं आली. फक्त माझ्या घराला.

तरी मी रोज गेलो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. टोपल्या टाकल्या की धावत जायचो. मला सगळं पटकन येत होतं असं नाही. पहिल्यांदा मी हुकूम लिहिले तेव्हा "थांब" लिहायचंच राहिलं. बिया नीट लागल्या तरी वाचणारा परत पहिल्यापासून वाचतोय, पोरं परत शेजाऱ्याच्या बिया मोजतायत. मोजून मोजून दमली. कोणीतरी ओरडला, "आता आमका जेवूक तरी सोड रे!" बाबलसुद्धा पोट धरून हसला. मीही हसलो. त्या एका घटकेला मी कोण ते सगळे विसरले होते. मी पण.

अनंतदादा म्हणाले, "लक्षात ठेवा. यंत्राला अक्कल नसते. लिहिलंत तर करील. नाही लिहिलंत तर नाही करणार."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. घरी जाताना, टोपली डोक्यावर असताना, विहिरीवर आमचे लोक घागरी घेऊन लांब उभे दिसले. कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघत. मी जन्मापासून ते बघत होतो. भरती-ओहोटी बघावी तसं. त्या दिवशी वाटलं, हे भरतीसारखं नाही. हे कोणीतरी लिहिलंय. खाली ठेव, मागे सर. आपोआप होत नाही, दर वेळी नव्याने लिहावं लागतं. अनंतदादांनी माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं. आणि मी केलं. अक्कल नसलेल्या यंत्रासारखं.

सुट्टी संपत आली तशी अनंतदादा म्हणाले, प्रत्येकाने आपापला प्रोग्रॅम लिहायचा. ज्याचा नीट चालेल त्याला मी मुंबईला नेईन. यंत्राला हुकूम देतात त्या कार्डांना भोकं पाडायचं काम शिकवीन, पुढे नोकरीचं बघू. माझा बाप ते ऐकून टोपली खाली न ठेवता तसाच उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने मला टोपल्या उचलू दिल्या नाहीत.

माझी पाळी आली. पोरं घरांत उभी. माझा कागद वाचला जाऊ लागला. दोन घरं, तीन घरं, सगळं बरोबर. मग माझं घर. वाचणाऱ्याने वाचलं, "तुझ्या बिया त्याच्या हातात दे. त्याच्या तुझ्या हातात घे."

मी ओंजळ पुढे केली. बाबलचे हात पाठीमागे.

अनंतदादांनी कागद बघितला. म्हणाले, "इथे ती तीन वाक्यं राहिली."

मी म्हटलं, "ऱ्हवूक नाय. मी घालूकच नाय."

"अरे, पण बंद पडलं ना तुझं यंत्र?"

"यंत्र बंद पडूक नाय. ह्यो पडलो."

कोणी हसलं नाही. म्हातारी खोतीण दारात आली. अनंतदादा जवळ येऊन हळू बोलले. वाईट माणूस नव्हता, हेच वाईट. म्हणाले, एवढं लिही, उद्या बरोबर चल, मुंबईत असलं काही नाही, इथल्यापुरतं जुळवून घे. पेन्सिल त्यांनी माझ्यासमोर धरली नाही. जमिनीवर ठेवली.

बाप कुंपणाशी उभा होता. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "लिव रे झिला. तीन वळीच मां. आमी जल्मभर ह्याच करत इलो."

"म्हणानच लिवचंय नाय," मी म्हटलं.

ओंजळ तशीच पुढे धरून मी उभा राहिलो. हात भरून आले तरी. शेवटी पोरं घरं सोडून गेली. बाबल मुंबईला गेला. मी चिऱ्याच्या खाणीत गेलो. बाप बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. मेला तेव्हाही ती मुंबई त्याच्या मनातून गेली नव्हती, हे मला माहीत आहे. त्याचं मला दुखतं. दुखू दे.

बायकोला मी हे लग्नानंतर सांगितलं. तिने कौतुक केलं नाही. पावसात छप्पर गळायला लागलं की म्हणायची, "तीन वळी लिवल्यात आसत्यात तर ही बालदी लावची पाळी इली नसती." आणि स्वतःच बालदी सरकवायची. संसार असाच झाला. ती या चैत्रात गेली. तिच्या चपला दारात आहेत, कोणाला हलवू देत नाही.

ती गेली म्हणून बाबल भेटायला आला. आता म्हातारा, मुंबईहून पेन्शन घेऊन परतलेला. खुर्चीत बसला, ती फार गुणी होती म्हणाला. सुनेने चहा केला. मी कप घेऊन पुढे गेलो.

"शुगर आसा रे माका," तो म्हणाला.

"बिनसाखरेचो आसा."

त्याने कपाकडे बघितलं. मग बाजूच्या स्टुलाकडे बोट केलं. "ठेव थंय. घेतंय मगे."

इतकी वर्षं गेली. कागद नाही, वाचणारा पोर नाही, म्हातारी खोतीण नाही. आणि हा माणूस माझ्या बायकोच्या दुखवट्याला येऊन तेच वाचतोय.

"हातात घे, बाबल," मी म्हटलं. कप पुढे धरून उभा राहिलो. त्याने घड्याळ बघितलं, उठला, चपला घातल्या.

तो चहा मी प्यालो. मग पोराला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. मी मरेन तेव्हा जो कोणी दारात येईल त्याच्या हातात कप द्यायचा. स्टुलावर नाही, कठड्यावर नाही. हात पुढे करील तो बसेल. नाही करणार त्याला उठवायचा. खोत असो, कोणी असो, माझं मढं दारात असलं तरी.