किसनदादांच्या गळ्यातलं बूच

किसनदादा पगारे चहाचा भरलेला ग्लास हातात धरून झोपत आणि चहाचा थेंबही सांडत नसे. सातपूरच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो, त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये हा प्रकार पाहून मी थक्क झालो. अंगानं धिप्पाड, मान आखूड, शर्टाचं वरचं बटण कधीच न लागणारं. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं की डोळे न उघडता म्हणायचे, "झोपलो नाय, इचार करतोय." आणि चहा एका घोटात संपवायचे.

पुढे कामगार वसाहतीत त्यांच्या शेजारचीच खोली मला मिळाली. मध्ये एकच भिंत. त्यांच्या घोरण्यानं माझ्याकडचं कॅलेंडर हलतं, असं मी चारचौघांत सांगायचो आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसायचे. "भाऊ, तुम्हाला फुकट रेडिओ हाय, अन् वर तक्रार करता!" घोरणं मधूनच एकदम थांबायचं. सुटलो बुवा, म्हणून मी कूस बदलायचो.

पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. चालू लेथवर किसनदादांचा डोळा लागला. बाही आत ओढली गेली. पलीकडच्या कामगारानं झेप घेऊन बटण दाबलं म्हणून हात वाचला, पण कोपरापर्यंत सालटी निघाली. आठ दिवसांत 'कामावर झोपणे' या आरोपाची चार्जशीट निघाली. ती टाइप केली मीच. कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मी कुठं झोपतो, भाऊ? झोपच मला धरून नेती. तिच्यावर काढा ना चार्जशीट."

मला हसू आलं. आज त्या हसण्याची शरम वाटते.

त्याच संध्याकाळी वहिनी आमच्या दारात आल्या. किसनदादांची बायको एवढं सलग बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "भाऊजी, साहेबांना सांगा, ते आळशी नायत. झोपेत त्यांचा श्वास बंद पडतो. मी गदागदा हलवते तवा चालू होतो. बारा वर्सं झाली, मी धड झोपले नाय. माझा डोळा लागला अन् ते तसंच राहिले तर?"

 भिंतीपलीकडची जी शांतता मला सुटका वाटायची, तिच्यात तिकडे माणूस गुदमरत होता आणि एक बाई त्याला ओढून परत आणत होती. एका रात्रीत कितीतरी वेळा. आणि मी कॅलेंडरचे विनोद करत होतो.

कारखान्याच्या डॉक्टरांनी आधी 'भात कमी खा' एवढंच सांगितलं होतं. या वेळी मी दादा-वहिनींना नाशकातल्या कान-नाक-घशाच्या एका तरुण डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दादांना दोन प्रश्न विचारले आणि वहिनींना वीस. मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे तपासण्या झाल्या आणि निदान आलं. झोपेत घसा मिटतो, हवा आत जात नाही, म्हणून दिवसभर झोप येते. उपाय मात्र भलताच होता. गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवायची. दिवसा नळीला बूच लावायचं, म्हणजे बोलता येतं. झोपताना काढायचं, म्हणजे श्वास थेट नळीतून चालतो. "परदेशात आता एक यंत्र निघालंय," तिथले डॉक्टर म्हणाले, "नाकावर मुखवटा बांधून रात्रभर हवा आत सोडतं. पण ते आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर यांनी थांबून चालणार नाही."

पहिला महिना फार वाईट गेला. नळी कफानं भरायची, खोकल्याची उबळ आली की डोळे पांढरे व्हायचे. वहिनी आतली नळी काढून उकळत्या पाण्यात धुवायच्या. डोक्यावरून आंघोळ बंद. वसाहतीतली पोरं त्यांना पाहून आईच्या मागे लपायची. दोनदा ते मला म्हणाले, "काढून टाकतो हे. माणूस हाय का बंब?" वहिनींनी नुसतं बघितलं, की गप्प बसायचे.

मग एक दिवस पाळी सुरू व्हायच्या आधीच ते टाइम ऑफिसात शिरले. डोळे लाल. मला वाटलं, काहीतरी विपरीत झालं. "भाऊ, सपान पडलं! माझी आई भाकऱ्या थापत व्हती अन् मला शिव्या देत व्हती. लय वर्सांनी दिसली." एवढं बोलून तो धिप्पाड माणूस माझ्या टेबलाला धरून रडला. बारा वर्षं या माणसाला स्वप्नच पडलं नव्हतं! त्याच सकाळी वहिनी आठपर्यंत झोपल्या आणि नळाचं पाणी गेलं. आमच्या घरून दोन हंडे पोचवले.

डॉक्टरांचा कागद पाहून चौकशी बंद झाली. दादांना लेथवरून हत्यारांच्या खोलीत हलवलं. पुढच्या दोन वर्षांत मी त्यांना दिवसा एकदाही झोपलेलं पाहिलं नाही. गळ्याला मात्र भर उन्हाळ्यातही मफलर असायचा.

मंगलचं, त्यांच्या मुलीचं, इगतपुरीत जमत आलं. मुलाचे वडील उत्तमराव रेल्वेत होते. बोलणी करायला दादांनी मला बरोबर घेतलं. निघताना वहिनी मला म्हणाल्या, "मुक्काम पडलाच तर बूच तेवढं काढायला लावा, भाऊजी."

मुक्काम पडला. पावसानं गाड्या अडकल्या आणि उत्तमरावांनी क्वार्टरमध्ये आमची अंथरुणं घातली. बोलणी पक्की झाली होती, पण साखरपुडा व्हायचा होता. दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलीच्या बापाच्या गळ्याला भोक हाय म्हणून कळलं तर?" ते कुजबुजले. वहिनींचे शब्द मला आठवत होते. तरी मी म्हणालो, "राहू द्या बूच. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

बऱ्याच काळानं त्यांचं घोरणं ऐकलं. तसंच थांबणारं. मी एकदा त्यांना कुशीवर वळवलं. मफलर सोडावासा वाटला, पण पलीकडे उत्तमराव पडलेले. त्यांना दिसलं असतं. पाऊस पत्र्यावर कोसळत होता. तो ऐकता ऐकता मला झोप लागली.

सकाळी चहा आला तेव्हा किसनदादा गार पडले होते.

उत्तमरावांनी मफलर सोडला, नळीचं बूच काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.  "आम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मंगलनं पोराला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. रात्री घोरायला लागले तवा मी जागाच होतो. वाटलं, उठावं, बूच काढावं. पण पाहुण्याच्या गळ्याला हात कसा लावायचा? त्यांना लाज वाटली असती."

बूच मी खिशात टाकलं. एका माणसाच्या दोन बाजूंना दोन माणसं जागी होती, आणि दोघांनाही भीड पडली होती.

मंगलचं लग्न पुढे त्याच घरात झालं. पण त्या दिवशी आम्ही दादांना घेऊन नाशिकला आलो, तेव्हा वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी आधी मला विचारलं, "बूच काढलं व्हतं ना, भाऊजी?"

बूच माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "हो."

त्या हळूच खाली बसल्या. "मग काय इलाज," त्या म्हणाल्या. "तुम्ही जवळ व्हता, एवढं तरी बरं झालं."