उरलेल्या मजकुराची चिठ्ठी

आदिलाबादच्या बसस्टँडजवळ उत्तमरावांचं किराणा दुकान आहे. तिथे टेबलामागे खुर्ची एकच, आणि ती तीस वर्षं उत्तमरावांची. त्यांची सून रंजीता दहा वर्षं आत पोत्यांपाशी उभी राहून माल मोजते. ती कॉलेजात संगणक शिकली होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मिक्सर बिघडला की तिला हाक मारायची, यापलीकडे त्या शिक्षणाचा उपयोग कुणी केला नव्हता.

तामसी, बाजारहत्नूरकडची गिऱ्हाइकं फोनवर यादी लिहून पाठवतात आणि माल अकराच्या बसवर चढवायचा असतो. उत्तमराव प्रत्येक निरोप मोठ्यानं, पहिल्या 'राम राम'पासून वाचायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई रुसला, यावर थांबून मत द्यायचे. तोवर बस निघून जायची. एका महिन्यात चार गिऱ्हाइकं तुटली.

"मामाजी, आठ दिवस खुर्ची मले द्या," रंजीता म्हणाली. "चुकलं तर मी परत पोत्यापाशी. नाही चुकलं तर खुर्ची माझी."

"घे सुनबाई," उत्तमराव उदारपणे म्हणाले. हरणार नाही याची खात्री असलेला माणूसच इतका उदार होतो.

रंजीतानं लॅपटॉपवर मजकुराचे तुकडे पाडणारी एक छोटी, फुकट मिळणारी तयार प्रणाली, लेक्सर लायब्ररी, उतरवून घेतली. ती स्वतः शहाणी नसते. आपण नियम द्यायचे, ती पाळते. निरोपाच्या पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायची, नियम वरून खाली लावून पाहायचे, जो पहिला बसेल त्यानं तुकडा कापायचा आणि त्याला नाव द्यायचं: आकडा, माप किंवा माल. मग पुढचा तुकडा. कुणी साखर लिहो, कुणी शक्कर, कुणी चक्केरा, माल एकच. 'तूर' हा नियम 'तूरडाळ'च्या वर राहिला, तेव्हा तूर कापली जाऊन डाळ अनाथ झाली. रंजीतानं लांब नाव वर चढवलं. घरातला क्रम तिच्या हातात नव्हता, नियमांचा होता.

"या तुकड्यायले टोकन म्हणतात, मामाजी."

"कापूस मार्केटात गाडीले भेटते तसं?"

"तसंच समजा. नंबर लागला की गाडी पुढं."

सगळ्यात खाली तिनं शेवटचा नियम लिहिला: जे कशातच बसत नाही ते फेकून दे. राम राम, म्हैस, जावई, सगळं.

पाच दिवस दहालाच पोती बांधून तयार. उत्तमराव दाराजवळच्या बाकावर बसून काहीतरी चुकण्याची वाट पाहत होते. सहाव्या दिवशी दुपारी तामसीहून सोनाबाईंचा फोन आला.

"काऊन हो उत्तमभाऊ, वीस किलो साखर अन् पंधरा किलो बेसन मी कुठं ठेवू? पोरीचं लग्न पुढं गेलं म्हणून लिहिलं नव्हतं का तुमाले?"

लिहिलं होतं. 'साखर २० किलो, बेसन १५ किलो सांगितलं होतं. पण व्याहीणबाईचा पाय मोडला, लग्न महिनाभर पुढं गेलं. माल मंग पाठवजा.' लेक्सरनं आकडे, मापं, माल बिनचूक उचलले होते आणि मोडलेला पाय फेकून दिला होता.

"मी वाचलं असतं," उत्तमराव दुपारभर म्हणत राहिले, दर वेळी थोडं अजून मोठ्यानं.

"वाचलं असतं अन् बस गेली असती," आतून सासूबाई, द्वारकाबाई बोलल्या. "माल गेलाच नसता, तेवढं मात्र खरं."

संध्याकाळी तांदूळ निवडताना रंजीताच्या ध्यानात आलं, की खडासुद्धा आपण बोटानं पाहून टाकतो. इथे न पाहताच फेकायला सांगितलं होतं. तिनं शेवटचा नियम बदलला: जे बसत नाही ते बाजूला ठेव, आणि कुणी वाचल्याशिवाय तो माल बांधू देऊ नकोस.

सातव्या दिवशी अडतीसपैकी तीस निरोप अडकले. तामसीत बातमीशिवाय यादी लिहितं कोण? साडेनऊ वाजले होते. रंजीतानं उरलेला मजकूर कागदावर छापला आणि बाकावर नेऊन दिला.

"मामाजी, ज्याचा माल थांबवायचा तेवढं सांगा."

उत्तमरावांनी चष्मा लावला. मध्ये साखर नाही, डाळ नाही. म्हशीवरून थेट जावयावर.

"भगवानरावाच्या घरी पुन्हा वाटण्या... जाऊ दे माल. द्वारके, ऐकलं का वो! अन् थांब सुनबाई, खुशालभाऊचा माल थांबव. चार दिवस गावाले चाललो म्हणून लिहिलं त्यानं, घराले कुलूप राहीन."

सव्वादहाला पोती बांधून झाली.

आठव्या दिवशी रंजीता आपणहून पोत्यांपाशी उभी राहिली. चूक तर झालीच होती. उत्तमराव आले, खुर्चीजवळ घुटमळले.

"बस नं तिथं. मले त्या कोपऱ्यात वाचाले उजेड पुरत नाही," ते म्हणाले आणि चिठ्ठी घेऊन बाकाकडे निघाले.

"हरलो म्हणा की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हरलो कुठं? सगळ्यात खालचा नियम कोण हाये? मीच."

रंजीता बसली. वेताची ती बैठक तीस वर्षांत सासऱ्यांच्या मापानं खोल गेली होती. ती उठली, एका रिकाम्या पोत्याची चौघडी करून खाली घातली, आणि पुन्हा बसली.