खरा लोड

माझा पहिला कॉम्प्युटर मी एकेक भाग निवडून जुळवून घेतला होता. त्यातला एकच भाग चुकला. दुकानदाराने फसवलं म्हणून नव्हे, मी आप्पांशी खोटं बोलले म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण खरं सांगायला उशीर केला की काय होतं ते मी तेव्हा शिकले आणि आता उशीर करायची माझी तयारी नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. तळेगाव ढमढेऱ्यात त्यांचं मोटरी भरायचं दुकान होतं आणि दुकानामागे आमचं घर. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती जीपमध्ये टाकून आमच्याकडे आणत. आप्पा तिच्यातली जळकी तार काढत, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी भरत, वार्निश पाजत आणि मोटर पुन्हा पाणी ओढायला लागे. घरात फोडणीपेक्षा वार्निशचा वास जास्त. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या की तुझ्या वह्यांना कसलासा वास येतो. मला तो कधी आलाच नाही.

आप्पांचा एक नियम होता. मोटर घेऊन आलेल्या माणसाला ते दारातल्या पत्र्याच्या स्टुलावर बसवत, आईला चहा टाकायला सांगत आणि विचारत, "लोड काय व्हता?" म्हणजे पाणी किती खोलवरून ओढत होतास, किती लांब नेत होतास, आणि तीनातली एक फेज गेलेली असताना कंडेन्सर लावून मोटर दामटली होतीस का. याचं खरं उत्तर मिळाल्याशिवाय ते मोटर उघडत नसत. आलेला प्रत्येक जण, मग तो गावचा पुढारी असो की आमचा सख्खा चुलता, एकच सांगे की काही केलं नाही, आपोआप बंद पडली. आप्पा वाद घालत नसत. दुसरा चहा सांगत. दुसऱ्या चहाला बहुतेकांचं खरं बाहेर पडे. खरा लोड कळल्याशिवाय तार कुठल्या जाडीची भरायची ते कसं ठरवू, असं त्यांचं म्हणणं. खोट्यावर भरलेली मोटर महिन्यात परत येते.

आणि त्यांची एक सवय होती. चालू मोटरीला ते उलटा हात लावून पाहत. तो हात आजोबांचा. आजोबा मेंढरं राखायचे आणि मेंढीचा ताप कानाला उलटा हात लावून ओळखायचे. आप्पांनी मेंढरं सोडली, हात तेवढा ठेवला.

मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. दोन हजार तीन-चार साल असेल. दिवाळीत खुटबावला मावशीकडे गेले, तर मावसभाऊ ई-मेल शिकवतो म्हणून मला दौंडला एका कॅफेत घेऊन गेला. ई-मेल राहिली बाजूला. शेजारच्या मशीनवर गाडी पळवायचा गेम लावलेला होता. मी बसले आणि उठायचं नावच घेईना. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मागे धूर खात उभं राहण्यात माझं निम्मं कॉलेज गेलं होतं. त्या पडद्यावर रस्ता मोकळा होता, खड्डा एक नव्हता आणि मी सांगेन तिकडे गाडी वळत होती. मावसभाऊ तीनदा म्हणाला की ताई, चल. शेवटी तो रागावून बाहेर जाऊन उभा राहिला.

घरी कॉम्प्युटर लागणार हे खरंच होतं, अभ्यासच तो होता. पण अभ्यासाला साधी मशीन पुरली असती. मला गाडी पळवणारी पाहिजे होती आणि त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत होतं. वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी करायला घेतली. कुठल्या मदरबोर्डवर कुठला प्रोसेसर बसतो, त्यावर हे कार्ड चालेल का, हे सगळं मी पत्रिका जुळवाव्यात तसं जुळवलं. ठरलेल्या पैशांत कार्ड बसवायचं तर बाकीच्यांना आखडतं घ्यायला लागत होतं. सतरा इंची मॉनिटरचा पंधरा इंची झाला. प्रोसेसर एक पायरी खाली आला. स्पीकर गेले. फ्लॉपी ड्राइव्ह कॉलेजला लागेल म्हणून दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. कार्डाला मात्र मी हात लावला नाही.

आप्पांनी चष्मा लावून यादी वाचली. तारेच्या जाडीचे गेज वाचावेत तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून. कार्डावर बोट थांबलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पुढच्या वर्षी ड्रॉइंगचा विषय आहे, त्याला लागतं. असला कुठलाही विषय नव्हता. आप्पा म्हणाले की मग घे, अभ्यासाला कमी पडायला नको. आणि त्यांनी यादी घडी घालून खिशात ठेवली. त्यांनी दोन शंका काढल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शिरूरला स्टँडच्या मागे एक जण कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. आम्ही शिक्रापूरहून एसटीने गेलो. तो दुकानदार बोलताना सारखा आप्पांकडे बघायचा. आप्पांनी त्याला सांगितलं, "हिला इचारा. मशीन तिची हाय." हे ऐकून मी अशी काही फुगले की पुढची दहा मिनिटं दुकानदाराला मीच प्रश्न विचारून भंडावलं. सगळं यादीप्रमाणे निघालं. राहिला फक्त वीजपुरवठ्याचा डबा. कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला वीज त्यातून जाते. मी यादीत तो लिहिलासुद्धा नव्हता. कॅबिनेटबरोबर येतोच की, त्यात निवडायचं काय?

आप्पांनी मात्र तोच धरला. हे सगळं मिळून वीज किती खातं, असं त्यांनी दुकानदाराला विचारलं. त्याला सांगता येईना. त्याने डब्यावरचा चारशे वॅटचा कागद दाखवला. आप्पांनी तो डबा एका हातात घेतला आणि कपाटातला दुसरा, काळा, दुसऱ्या हातात. दोन्हीवर आकडा एकच होता. आप्पा बराच वेळ दोन्ही हात वरखाली करत राहिले, बाजारात वांगी जोखावीत तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात कॉलेजची दोन मुलंही होती.

"कागद सारखा हाय," आप्पा म्हणाले, "पर ह्यो कॅबिनेटातला हलका हाय. ह्याच्यात माल न्हाई."

दुकानदार म्हणाला की काका, साध्या कामाला हलका पुरतो, जड काम असेल तरच दुसरा घ्या. मग आप्पा माझ्याकडे वळले.

"तूच सांग. काम काय पडनार हाय ह्याच्यावर? ड्रॉइंगच ना?"

मी हो म्हणाले. एवढंच. आप्पांनी काळा डबा जागेवर ठेवून दिला.

कॉम्प्युटर घरी आला, आतल्या खोलीत टेबलावर बसला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वरून तिच्या हाताने विणलेला रुमाल टाकला. दुपारी आप्पा कुणाच्या तरी विहिरीवर मोटर बसवायला गेले की मी रुमाल काढायची. मोटरसायकलचा आवाज आला की गाडी बंद आणि चित्राचं पान चालू. त्या पानावर मी तीन आठवडे एकच घर काढत होते. त्याला दार काही लागलं नाही.

संध्याकाळी आप्पा हातपाय धुऊन आत येत आणि कॅबिनेटला उलटा हात लावत. एखाद्या दिवशी हात जरा जास्त वेळ राही. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं होई. मग मी स्वतःची समजूत घालायची की नवी वस्तू आहे, कौतुकाने लावत असतील. रोज येताजाता एकदा विचारत, "चाललंय ना बरं? काय सांगायचं हाय का?" मी म्हणायची, काही नाही.

सांगायचं होतं. मशीन मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. नेमकी शर्यत रंगात आली की. अभ्यास करताना कधीच नाही. त्यामुळे ते सांगायचं म्हटलं तर कधी होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि मग कॉम्प्युटर गेला असता. त्याहून वाईट म्हणजे आप्पांनी मला त्या स्टुलावर बसणाऱ्यांच्या रांगेत धरलं असतं. खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल त्यांच्या तोंडून वावगा शब्द कधी निघायचा नाही. पण त्याच्या नुसत्या शब्दावर त्यांनी पुन्हा कधी विश्वास ठेवलेला मी पाहिला नव्हता. मला तेच नको होतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी, गावातल्या सगळ्या मोटरी चालू असताना आणि दिवे मंद झालेले असताना, मी शेवटच्या वळणावर होते. मागून फट् असा आवाज झाला. पडदा काळा. आणि वास आला. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या घराचा वास आला. तो जळक्या तारेचा होता.

आप्पा आले तेव्हा मी टेबलापाशीच बसलेली होते. त्यांनी वास घेतला. बाहेर जाऊन पत्र्याचं स्टूल आत आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी मुकाट्याने त्यावर बसले.

"लोड काय व्हता?"

"काय न्हाई, आप्पा. आपोआप बंद पडलं."

वाक्य तोंडातून गेलं आणि माझ्याच कानाला ते ओळखीचं वाटलं. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. आप्पांचा चेहरा जसाच्या तसा. त्यांनी चहा टाकायला सांगितला. त्या स्टुलावर बसून मी आयुष्यात कधी चहा घेतला नव्हता. कपबशीसुद्धा गिऱ्हाइकांची होती, कान तुटलेली. पहिला चहा झाला. आप्पांनी दुसरा सांगितला. तो हातात आला आणि मला रडू फुटलं.

"ड्रॉइंग न्हवतं," मी म्हणाले. "गेम व्हता. गाडीचा. तुम्ही नसताना रोज दोन-तीन तास. आन् पुढच्या वर्षी ड्रॉइंगचा विषयच न्हाई."

"म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. "चित्रं काढून एवढं अंग तापत न्हाई."

ते उठले. दुकानातल्या वरच्या फळीवर तारेची रिळं होती. त्यांच्यामागून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ते जड होतं. वर्तमानपत्रावर दुकानातली धूळ चांगली बसलेली होती. आत तो काळा डबा.

"कवा आणला?"

"झालं पंधरा दिस. शिरूरला वार्निश आणाय गेल्तो तवा." मग म्हणाले, "तू सांगशील म्हनून थांबलो. माझंबी चुकलंच. गिऱ्हाइकाचा नियम पोरीला लावला."

मला त्यांनी दोन ठेवून दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. पण पंधरा दिवस हा माणूस रोज त्या फळीखाली बसून दुसऱ्यांच्या मोटरी भरत होता, रोज येताजाता मला विचारत होता की काय सांगायचं हाय का, आणि मी त्याला दार नसलेलं घर दाखवत होते. याची मला जी लाज वाटली, ती तशी पुन्हा कधी वाटली नाही.

"खेळाया पायजे म्हनली असतीस, तर म्या न्हाई म्हनलो असतो व्हय?" ते एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. पण त्यांना विचारून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जळका डबा त्यांनी सोडवला, काळा बसवला. कुठली वायर कुठे जाते ते मला विचारून घेत होते आणि माझ्या प्रत्येक उत्तरावर, पुन्हा तपासून न बघता, वायर लावत होते. ते माझ्या लक्षात आलं. शेवटची वायर लावली तेव्हा बाकीच्यातलं काय जळालं आणि काय राहिलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. आप्पांनी कान देऊन आवाज ऐकला आणि मान हलवली.

मी नेहमीच्या सवयीने चित्राचं पान उघडायला गेले. आप्पा म्हणाले की ते नको, दुसरं लाव.

त्यांच्यासमोर गाडी पळवताना पहिल्याच वळणावर मी कठड्यावर आदळले. दुसऱ्यांदा सुरू केली तीही आदळली. आईने विचारलं की ह्यासाठी एवढं खोटं बोललीस होय. आप्पा माझ्या खुर्चीच्या बाजूला उभे होते, उलटा हात कॅबिनेटवर ठेवून. मी आपोआप गाडी सावकाश घेतली.

"भिऊ नगं, पळव," आप्पा म्हणाले. "आता लोड मला म्हाईत हाय."