साकुराला गादी न्हाई

"नाटकात गुलामाच्या कामाला ह्याला घ्या. रंग फासायची गरज न्हाई," सर म्हणाले. पोरं हसली. मी पण हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

परभणीतल्या एका कॉलेजात मी रोजंदारीवर शिपाई होतो. गाव बोरी. बौद्ध घरातला. सातवीत शाळा सुटलेली. काम लावून दिलं ते इतिहासाच्या ह्याच सरांनी. लायब्ररीतली पुस्तकं खोलीवर न्यायची परवानगीही त्यांचीच. त्यांच्यापुढं माझी मान वर होत नव्हती. भीती एकच, ते नाराज झाले तर?

गॅदरिंगला सरांनी नाटक बसवलं. आफ्रिकेतलं जुनं माली राज्य. राजा मेला आणि गादीवरून वारसांत जुंपली. त्यातला एक तर करमणूक म्हणून रयतेवर बाण सोडायचा. वारसांची कामं बागायतदारांच्या पोरांना. मी साकुरा, दरबारातला गुलाम. वाकायचं, पाणी द्यायचं, लाथ खायची. तालमीत पोरं लाथ खरीच घालायची. वरून, "लागलं का रे, साकुरा?"

मग लायब्ररीतलं मालीच्या इतिहासाचं पुस्तक मी वाचलं. गोष्ट पुढं होती. वारस भांडत राहिले आणि गादी साकुरानं घेतली. राज्य वाढवलं. धड चालवलं. गुलामानं. ते पान मी तीनदा वाचलं.

सकाळी पुस्तक घेऊन सरांकडं गेलो.

"सर, शेवटचा सीन राहिलाय. साकुरा गादीवर बसतो."

सरांनी पान बघितलंच नाही. "म्हाईत हाय मला. मीच काढला तो. गादी म्हणून अध्यक्षांची खुर्ची ठेवायलोत. समोर संस्थेचे मालक बसतेल. आन् त्या खुर्चीत तू?"

"रोज पुसतो की मी ती, सर."

"पुसणं येगळं. तुला इथं कुणी लावलं, ते इसरू नको."

त्यांना माहीत होतं. माहीत असून साकुराचं राज्य पुसलं. अडाणी माणसाचा राग आला नसता.

मी पुस्तक टेबलावर ठेवलं. "मग लाथ खायला दुसरा बघा, सर. मी न्हाई."

दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव नव्हतं.

आता पुण्यात एका कंपनीत माल चढवतो. आई फोनवर म्हणते, "थोडं वाकला असतास, बापू, काय झिजलं असतं?" तिला काय सांगू. झिजतच आलो होतो.

दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. पास होईन का, धाकधूक आहेच. सरांनी मला पुस्तक दिलं, ते मी मरेपर्यंत मानणार. पण ज्यानं पान उघडून दिलं, त्यानंच त्यावर हात ठेवला, तर तो हात मी उचलून बाजूला करणार. कुणाचाही असो.