वहिनीच्या नावाने दिलेलं रक्त

असीरगड पाहायचं ठरवून दोन वर्षं झाली होती. शेवटी मावशीनेच फोनवर सुनावलं, "किल्ला राहू दे, मला तरी पाहून जा." दुसऱ्याच शनिवारी बुऱ्हाणपूरला उतरले. स्टेशनवर रिक्षावाल्यांशी खुशाल घासाघीस करा, निम्म्यावर येतात. मावा जिलेबी गरम असतानाच खा. किल्ल्यावर पाणी सोबत न्या, वर चिटपाखरू नसतं.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच दापोऱ्याला, मावशीच्या घरी. चहूकडे केळीच्या बागा. शाळेत एका संशोधन संस्थेचं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर लागलं होतं. मावसभाऊ रक्त देऊन आला होता. आता पाळी वहिनीची, तिला चौथा महिना. पण त्या दिवशी नेमकी संकष्टी.

"ताई, चंद्र निघाल्याबिगर सुई कशी टोचून घेऊ? उपास मोडंल," वहिनी रडवेली झाली. "आन् नाय गेली तं सासूबाई गुस्सा करतील."

"हात्तिच्या! तुझ्या नावाने मी देते. कोणाला कळतंय?"

टेबलापाशी बसलेल्या बाईंनी नाव विचारलं, मी वहिनीचं ठोकून दिलं. कितवा महिना? चौथा. हसू आवरत नव्हतं. त्या मात्र मन लावून समजावत होत्या, "एकात दोष असला तर घाबरू नका. आईबाप दोघांत असला तर बाळाला आजार होऊ शकतो." मी मान डोलावली आणि कापूस दाबत बाहेर आले.

घरी परतून आठवडा झाला, तेव्हा वहिनीचा फोन आला.

"ताई, रिपोर्ट आली. ह्यांच्यात दोष हाय, माझ्या नावावर बी. पोटात सुई घालून बाळाची जाँच करणार म्हणतात. सासूबाई बोलतात, खोट तुझ्या माहेरची. मी कसं सांगू, रक्त तुमचं व्हतं?"

दोष माझ्यात होता, आणि माझ्या थट्टेपायी तिच्या पोटात सुई जाणार होती.

लगेच संस्थेला फोन लावला. त्याच बाई होत्या. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, हे काय केलंत तुम्ही?" त्यांनी वहिनीचं रक्त पुन्हा घेतलं. तिच्यात काही निघालं नाही. पोटातली सुई टळली.

ट्रिप कशी झाली म्हणून सगळे विचारतात. जिलेबीचं सांगते, किल्ल्याचं सांगते, आणि रक्त आपल्याच नावाने द्या, हेही सांगते.

मावशीला मीच फोन करून सगळं कबूल केलं.

"तुझ्यात बी, माझ्या लेकात बी," ती हळूच म्हणाली. "तुझी आई आन् मी एकाच घरच्या. खोट माहेरचीच व्हती, बाई. माझ्या."